होडी पाणी किती घेते?

मॅकिनॉ पुलाच्या आतल्या लेनला तळ नाही. म्हणजे आहे, पण जाळीचा. चाकं त्या लोखंडी जाळीवर चढली की गाडीत घूंऽऽ असा आवाज भरतो, आणि खिडकीतून वाकून पाहिलं तर दोनशे फूट खाली पाणी पळताना दिसतं. पाच मैलांचा पूल. १९५७ साली तो झाला, तोवर मिशिगनच्या दोन तुकड्यांमध्ये फेरीबोटीनं ये-जा चालायची. माझ्या नवऱ्याला ती जाळी सोसत नाही, तो गपगुमान बाहेरची डांबरी लेन धरतो. गाडी माझ्या हातात असली की मी मुद्दाम आतून जाते. होडीच्या तळाशी झिरपणारं पाणी बघत लहानाची मोठी झालेय, पायाखालचं पाणी बघायची खोड काही जात नाही.

पूल ओलांडला की अर्ध्या-पाऊण तासात हेसल येतं. गाव म्हणायचं ते कौतुकानं. एक धक्का, थोडी दुकानं, एक जुना बोटीचा कारखाना आणि समोर ह्युरॉन सरोवराची उत्तर किनार. त्या किनाऱ्यालगत छत्तीस बेटं एकमेकांना खेटून पडलीत. फ्रेंचांनी त्यांच्यामधल्या अरुंद पाण्याच्या वाटांवरून त्यांना ‘ले शेनो’ म्हटलं. इथल्या माणसांनी त्या नावाचं आपल्या जिभेला सोयीचं करून ‘द स्नोज’ केलं. आपण नाही का स्टेशनचं ठेसन करून टाकलं, तसंच.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी इथे जुन्या लाकडी बोटींचं प्रदर्शन भरतं. चाळीसहून जास्त वर्षं भरतंय. स्थानिक इतिहास मंडळ ते भरवतं. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारखा कारभार आहे: एक म्हातारा अध्यक्ष, चार धावपळ करणारे, पावती फाडणाऱ्या दोन बायका आणि कुणाचंही न ऐकणारा माइक. डेट्रॉइटच्या उपनगरातून आम्ही पाच तास गाडी हाकून पोचलो ती २०२५ सालची राखीपौर्णिमा होती. तिकडे मालवणात समुद्राला नारळ देऊन झालेला. इकडे मी गळ्यात प्रवेशाचा बिल्ला अडकवून धक्क्यावर उभी.

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. डोळे दिपले, बस. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना बोटी, आणि प्रत्येकीच्या अंगावर इतकी चकाकी की समोरच्या पांढऱ्या ढगानं तिच्यात बघून भांग पाडावा. तांबूस तपकिरी महोगनी, तिच्यावर व्हार्निशचे वीस-वीस हात. मधे पांढऱ्या रंगाच्या बारीक सरळ रेघा. क्रोमचे दिवे. लाल, हिरव्या चामड्याच्या बैठका. बोटीत पाय ठेवायचा तर बूट धक्क्यावर काढून ठेवायचे. सगळीकडे मोज्यातली माणसं. मला एकदम कुणकेश्वराच्या देवळाबाहेरचा चपलांचा ढीग आठवला. मालकमंडळी हातात फडकं घेऊन उभी. लाट आली, दोन थेंब उडाले, की लगेच पुसायचे. बोटीवरचं पाणी पुसणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ही सगळी चकाकी मुख्यतः आमच्याच भागातून निघालेली आहे. डेट्रॉइटपासून तासाभरावर सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचं गाव आहे. तिथला ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ (आईबापांनी नाव ठेवतानाच पाण्यात ढकललेला माणूस) बदकांच्या शिकारीसाठी होड्या बांधायचा. मग पेट्रोल इंजिनं आली, शर्यती आल्या, आणि १९२२ साली त्यानं आणि त्याच्या मुलांनी कंपनी काढली. तिच्या बोटी ‘क्रिस-क्राफ्ट’ नावानं विकल्या जाऊ लागल्या. मोटारगाडीची जी युक्ती हेन्री फोर्डनं शेजारच्या शहरात दाखवली होती, तीच त्यांनी पाण्यात उतरवली: एकाच साच्याच्या बोटी, ओळीनं, ठरलेल्या किमतीला. श्रीमंताच्या हौसेची वस्तू मध्यमवर्गाला हप्त्यावर मिळायला लागली. त्याच गावात गार वूड नावाचा आणखी एक वल्ली. ट्रकचा मागचा डबा उचलून माल ओतणारी हायड्रॉलिक यंत्रणा शोधून त्यानं पैसा केला आणि तो सगळा वेगात घातला. १९३२ साली चार विमानी इंजिनं बसवलेली बोट त्यानं ताशी १२४ मैलांनी पळवली. लाकडी बोट. त्या वेगाला पाणी पाण्यासारखं राहत नाही, काँक्रीट होतं म्हणतात. दारूबंदीच्या काळात कॅनडाच्या काठावरून इकडे पेट्या आणायला ह्याच गोंडस बोटी कामाला यायच्या, पोलिसांनाही मग तशाच बोटी घ्याव्या लागल्या. हे सांगताना इथले म्हातारे अजून गालात हसतात.

आणि हेसलचा संबंध असा की धक्क्याशेजारचा तो जुना कारखाना, १९२५ साली सुरू झालेला, क्रिस-क्राफ्टचा पहिला डीलर म्हणून ओळखला जातो. बेटांवर उन्हाळी बंगले बांधलेली शिकागो-डेट्रॉइटकडची कुटुंबं. बेटावर घर म्हटलं की दूध आणायलाही बोट लागणार. बोट आली की तिला पाण्यावर बांधलेलं, छप्पर असलेलं लाकडी बोटघर आलं. ऊन नाही, पाऊस नाही, खारं पाणी नाही. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा नाही. वर सहा महिन्यांची थंडी, त्यात बुरशीही झोपलेली. आजोबा गेले, बाबा गेले, बोट आपली बोटघरात दोरांवर टांगलेली. एवढ्या बोटी इथेच का वाचल्या याचं उत्तर कुणाच्या महान संस्कृतीप्रेमात शोधायला नको, त्या छपरात आहे.

हे मला कळलं ते एका माणसामुळे. सत्तरी ओलांडलेला, निवृत्त मास्तर, शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याची बोट धक्क्याच्या अगदी टोकाला होती, १९४१ची सतरा फुटी क्रिस-क्राफ्ट. मागचा भाग पिंपासारखा गोल वळलेला, म्हणून ‘बॅरलबॅक’. बाकीच्या बोटींपुढे गर्दी होती, ह्याच्यापुढे कमी, कारण हा बडबड करत नव्हता. मी वाकून फळी बघत होते. माझी नोकरी गाड्यांचे सुटे भाग तपासण्याची; दोन वस्तूंमधली फट दिसली की माझी मान आपोआप तिरकी होते. तो म्हणाला, “हाताचं बोट ठेवून बघा.” मी म्हटलं, डाग पडेल. “पडू दे. पुसायला फडकं आहे.”

बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. मग त्यानं दाखवलं. फळीवर प्रत्येक काही इंचावर एक चवलीएवढं गोल वर्तुळ, अगदी नजर तिरपी केली तरच दिसणारं. त्याच्याखाली स्क्रू आहे. स्क्रू फळीत आत बुडवायचा आणि वर त्याच लाकडाची बारीक गुडदी ठोकायची. पण नुसती ठोकून चालत नाही. गुडदीच्या लाकडाच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळल्या पाहिजेत. एक गुडदी थोडी फिरली की उन्हात ती वेगळी चमकते आणि आयुष्यभर तुमच्याकडे डोळा मारत बसते. “अशा किती?” मी विचारलं. “मोजल्या नाहीत. बायकोनं मोजायला मना केलंय.” सात हिवाळे त्यानं गॅरेजमध्ये घालवले. गाडी बाहेर बर्फात.

मग एक प्लॅस्टिकच्या पाकिटातला कागद काढला. क्रिस-क्राफ्टची जुनी दप्तरं आता व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियमकडे आहेत. बोटीवर ठोकलेला क्रमांक कळवला की ते तिच्या कार्डाची नक्कल पाठवतात. कोणतं इंजिन, गादीचा रंग कोणता, कारखान्यातून कधी निघाली, कुठल्या डीलरकडे गेली. जन्मपत्रिकाच. तो कागद तो असा धरून होता की मला वाटलं आता मंगळ आहे का विचारावं.

बोटीच्या मागच्या काठीवर झेंडा होता. सवयीनं मी तारे मोजले, ओळी नीट चौकोनी दिसत होत्या म्हणून. अठ्ठेचाळीस. अलास्का आणि हवाई अजून यायची होती तेव्हाचा झेंडा. १९४१च्या बोटीला पन्नास ताऱ्यांचा झेंडा लावणं ह्या माणसाला जमलंच नसतं.

हा नेमकेपणा तिथे सगळ्यांनाच लागलेला रोग आहे. जुन्या बोटींची देशपातळीवरची एक संघटना आहे, १९७५ साली स्थापन झालेली. तिनं वर्षांच्या कप्प्यात बोटी घालून दिल्यात. १९१८पर्यंतची ती ऐतिहासिक. १९१९ ते १९४२ ती ‘अँटिक’. १९४३ ते १९७५ ती ‘क्लासिक’. मधली रेघ १९४२लाच का, तर युद्ध. हौसेच्या बोटी बांधणं थांबलं आणि ह्याच कारखान्यांतून सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या चपट्या बोटी निघायला लागल्या. एका रेघेत युद्ध मावतं, आणि शनिवारी दुपारी कुणीतरी आइसक्रीम खात त्या रेघेवर वाद घालतं.

परीक्षक टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फिरत होते. दाताच्या डॉक्टरासारखे आत वाकून बघायचे. त्यांच्या लेखी दोन जाती: जपलेली बोट आणि पुन्हा घडवलेली बोट. पहिलीत मूळ लाकूड बऱ्यापैकी शाबूत पाहिजे, दुसरीत नवं लाकूड चालेल, पण कारखान्यातून निघाली तशीच ती दिसली पाहिजे. काळाशी न जुळणारा एक स्क्रू, एक वायर, गादीचा चुकीचा धागा, की गुण कापले. सगळ्यात पेटता वाद मात्र जिथे कुणाची नजर जात नाही त्या तळाचा. कारखान्यानं तळाला दोन थर फळ्या लावल्या होत्या, मधे लगदा माखलेलं कापड. असा तळ हिवाळ्यात सुकतो, फटी पडतात. वसंतात बोट पाण्यात उतरवली की ती सरळ भरायला लागते. पट्ट्यांवर टांगून, पंप चालू ठेवून, दोन-तीन दिवस तिला पाणी पिऊ द्यायचं. लाकूड फुगतं, फटी मिटतात, मग ती तरंगते. हल्ली बरेच लोक मधे कापडाऐवजी ‘फिफ्टी टू हंड्रेड’ नावाचा रबरासारखा चिकट मसाला भरतात. तळ कायमचा कोरडा. सोय आहे. पण जुन्या मंडळींपुढे त्या तळाचा विषय काढलात तर मोदकात मैदा घातल्यासारखं तोंड करतात.

मास्तराचा तळ जुन्या पद्धतीचा. सांगताना त्याचा आवाज किंचित वर गेला.

साडेदहा वाजले होते, म्हणजे मालवणात रात्रीचे आठ. मामाचा व्हिडिओ कॉल आला, राखी पोचल्याचं सांगायला. मी फोन फिरवून धक्का दाखवला. मामा गप्प. मग म्हणाला, “गो बाय, ही होडी लग्नाक चलली हा काय?”

मास्तरानं विचारलं, काय म्हणतात? मी भाषांतर केलं. तो मनापासून हसला आणि फोनकडे बघून हात हलवला. मामानं हात हलवला नाही. तो कामात होता. “आतून दाखय,” म्हणाला. मी बूट काढून आत उतरले, गादी बाजूला करून मास्तरानं तळाची एक फळी उचलून दिली, मी फोन आत धरला. ओकच्या बाकदार फासळ्या, रंगवलेला तळ, एका कोपऱ्यात चिमूटभर पाणी. मामानं फोन डोळ्याजवळ नेला असावा, कारण मला फक्त त्याचं कपाळ दिसत होतं. आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो त्या दिवशी तिथल्या शेकडो लोकांपैकी कुणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं. किंमत किती, वेग किती, व्हार्निशचे हात किती, सगळे विचारत होते. मामानं विचारलं, “पाणी किती घेता?”

मी भाषांतर केलं तेव्हा मास्तराचा चेहरा बदलला. धक्क्यावर सकाळपासून उभा होता तो बिल्लेवाला माणूस गेला आणि गॅरेजमधला माणूस पुढे आला. “पहिले तीन दिवस भरपूर,” तो म्हणाला. “मग काहीच नाही.” थोडं थांबून, “म्हणजे, जवळजवळ काहीच नाही.”

मामानं मान डोलावली. त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं.

आजोबांची रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची होडी मला आठवते ती तळाकडून. सुट्टीत गेलं की आम्हा पोरांना होडीत घ्यायचे ते एका अटीवर: पाणी उपसायचं. डालडाचा डबा अर्धा कापून केलेलं भांडं हातात यायचं. ती शिवलेली होडी. हे इथे कुणाला सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. फळ्या एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या नसायच्या, सुंभानं शिवलेल्या असायच्या. फळीच्या काठानं ओळीनं भोकं, दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची वळी दाबायची आणि दोघा माणसांनी आतून-बाहेरून सुंभ ओवत, पायानं रेटा देऊन आवळत जायचं. भोकं बुजवायची, वर राळ आणि तेलाचा लेप. लाट अंगावर आली, होडी वाळूवर आपटली, तर खिळ्याची होडी तडकेल. ही अंग चोरून वाकते. पण काही वर्षांनी सुंभ कुजायचा. मग सगळी शिवण उसवायची, फळ्या सुट्या करायच्या, खराब फळी बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून शिवायची. होडी अधूनमधून कपड्यासारखी उसवली जायची आणि तीच होडी म्हणून परत यायची. तिच्यातली मूळ फळी कोणती, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. तिला कार्ड नव्हतं. तिचा जन्म कधीचा हे आजीला एवढंच ठाऊक होतं की मोठ्या मावशीच्या बारशाच्या आधीचा.

मामानं मला हे मास्तराला सांगायला लावलं. “आमच्या होडयेक खिळोच नाय म्हणान सांग तेका.” मी सांगितलं. मास्तरानं आपल्या हजारो गुडद्यांकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत एक शिवी हासडली, कौतुकाची.

मग दोघांचं सुरू झालं आणि मी मधल्या मधे भाषांतराची हमाल. पावसाळ्यात काय करता? मामा: वर ओढतो, खाली ओंडके, वर झावळ्यांचं छप्पर. मास्तर: आम्ही हिवाळ्यात तेच, पण गॅरेज. दोघांचं एका गोष्टीवर ताबडतोब एकमत झालं. पावसाचं पाणी होडीत साचू द्यायचं नाही. “गोडा पाणी होडयेक वायट,” मामा म्हणाला. खारं पाणी लाकूड मुरवतं, गोडं कुजवतं. मास्तर म्हणाला, त्याच्या बोटीला जिथे जिथे कूज लागली होती, ती सगळी वरून गळलेल्या पावसानं. खालच्या सरोवरानं काही केलं नव्हतं. बाहेरचं पाणी बाहेर असेपर्यंत बरं.

शिवणीत काय भरता, असं त्यानं विचारलं तेव्हा मी अडले. काथ्या सांगता आला. राळेला काय म्हणायचं? झाडाचा चीक, वाळलेला, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. रात्री मोटेलात झोप येईना म्हणून शोधलं. राळ म्हणजे सालाच्या झाडाचा डिंक. साल, म्हणजे ‘शोरिया’ ह्या वंशातलं झाड. आणि पुढे वाचताना मी उठूनच बसले. ह्या अमेरिकन बोटींमध्ये जे ‘फिलिपीन महोगनी’ म्हणून भरभरून वापरलं गेलं, ते मुळात महोगनीच नाही. बाजारातलं नाव ते. ती लाकडं प्रामुख्यानं शोरियाच्याच जातीची. मास्तरानं सकाळी मला सांगितलं होतंच की त्याच्या बोटीच्या फळ्या फिलिपीन महोगनीच्या. म्हणजे त्याच्या फळीचा चुलतभाऊ आमच्या आजोबांच्या होडीच्या सांध्यात माखलेला होता. मी नवऱ्याला उठवून हे सांगितलं. त्यानं “बरं” म्हटलं आणि कूस बदलली.

तर सकाळकडे परत. मास्तरानं विचारलं, ती शिवलेली होडी अजून आहे का? हे भाषांतर करायची मला गरज नव्हती, उत्तर मला माहीत होतं. तरी मी मामाला विचारलं.

फायबर आली तेव्हा आजोबा थकलेले होते. फायबरला शिवण नको, राळ नको, पाणी उपसायला पोरं नकोत. हलकी, दोघंजण ओढतात. मामानं कर्ज काढून घेतली आणि त्याला दोष कोण देणार? त्याला रोज समुद्रावर जायचं होतं. जुनी होडी माडाखाली उताणी पडून राहिली. एक पावसाळा झावळ्या घातल्या. दुसऱ्याला घातल्या नाहीत. मग एकेक फळी निघत गेली. एक गोठ्याच्या दाराला लागली. बऱ्याचशा न्हाणीघराच्या चुलीत गेल्या. आंघोळीचं पाणी त्या वर्षी लवकर कढत व्हायचं, असं आई सांगते. तेलानं मुरलेलं लाकूड पटापट पेट घेतं.

इथेही तेच झालं होतं. साठच्या दशकात फायबरग्लासचा जोर झाला आणि क्रिस-क्राफ्टनं सत्तरीच्या सुरुवातीला लाकडाला रामराम केला. नवी बोट घेताना लोक जुनी कारखान्याच्या दारात टाकून जायचे. मास्तरानं पोरवयात अशा बोटींची किनाऱ्यावर पेटवलेली होळी पाहिलीय. “व्हार्निश फार सुंदर जळतं,” म्हणाला. वाचल्या त्या ज्यांच्या मालकांनी बोटघराचं दार लावून घेतलं आणि विसरून गेले.

मामानं हे ऐकून घेतलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मागे पावसाचा आवाज येत होता. मग म्हणाला, “तेंका गरज नाय म्हणान ऱ्हवली. आमका गरज होती म्हणान गेली.”

हे वाक्य मी मास्तराला सांगितलं नाही. नीट सांगता आलं असतं, इंग्रजी माझं तेवढं आहे. पण सात हिवाळे गॅरेजमध्ये गुडघ्यावर बसलेल्या माणसाला ‘तुला गरज नव्हती’ असं कसं सांगणार? आणि मला ते पूर्ण पटलेलंही नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेली ट्रिंकोमली ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. ती टिकली कारण कुणाला ना कुणाला तिची कसली तरी गरज लागत राहिली. आधी आरमाराला, मग पोरांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला, आता बघ्यांना. मास्तराला त्या बोटीची गरज कसली होती हे मला माहीत नाही. त्याची बायको सावलीत खुर्ची टाकून विणत बसली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, “तो निवृत्त झाला तेव्हा मला भीती वाटत होती की दिवसभर घरात बसेल.”

अकराच्या सुमारास परीक्षक आले. तिघं. एकाकडे पॅड, एकाकडे टॉर्च, एक नुसताच गंभीर. मास्तर ताठ झाला. त्यानं मला डोळ्यानं खुणावलं, मी फोन तसाच हातात धरून धक्क्यावर आले. कॉल बंद करायचं लक्षात राहिलं नाही. परीक्षकांनी झेंड्याचे तारे पाहिले, एकानं समाधानानं हुंकार दिला. गुडद्यांवर टॉर्च मारला. गादीची शिवण पाहिली. इंजिनावरचं झाकण उघडलं, सहा सिलिंडरचं ते यंत्र इतकं स्वच्छ की त्यावर भाकरी थापावी. गंभीर परीक्षक वाकून तळाविषयी काहीतरी विचारू लागला. मास्तर अभिमानानं सांगू लागला, मूळ पद्धत, दोन थर, मधे कापड, आणि हो, एकदा फुगली की थेंब...

त्याच क्षणी बोटीच्या पोटात कुठेतरी गुर्रर्र झालं, आणि कडेच्या क्रोमच्या भोकातून बोटभर जाडीची पाण्याची धार सरोवरात पडायला लागली. पंप. आपोआप चालू होणारा.

तिघे परीक्षक एकदम दुसरीकडे बघू लागले, सभ्य माणसं कुणाच्या पोटात गुडगुडलं की बघतात तसे. एकाला ढग आवडले. मास्तराच्या कानाच्या पाळ्या लाल. धार पडतच होती. आणि माझ्या हातातल्या फोनमधून, साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आनंदी आवाजात मामा ओरडला, “घेता गो, घेता पाणी!”